चिमूटभर इरिडियम, एकरभर सोयाबीन

मृगाचा पाऊस पडून गेला की बीड जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होते. केज, धारूर, अंबाजोगाई, परळी या पट्ट्यात आता सोयाबीनच फार. बियाण्याची बॅग आणि खताचे पोते मोटारसायकलवर बांधून झाले की गिऱ्हाईक हमखास विचारते, "तणाचं औषध कोणतं देता?" दुकानदार फळीवरून एक बाटली काढून देतो. कधी पेंडिमेथॅलिन, कधी डायक्लोसुलम, कधी मेटोलाक्लोर. मेटोलाक्लोरच्या काही बाटल्यांवर नावाच्या आधी एक अक्षर छापलेले असते: एस. घेणारा ते वाचत नाही आणि देणाऱ्यालाही त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. इरिडियम या धातूच्या संयुगांनी आजवर कारखान्यात केलेल्या कामांपैकी फार मोठे काम त्या एका अक्षरात दडलेले आहे.

मी केज तालुक्यातला. पीएच.डी.ची चार वर्षे इरिडियमची संयुगे तोलण्यात आणि विरघळवण्यात गेली, आणि पावसाळ्यात गावी आलो की हातात खुरपे नाहीतर पाठीवर फवारणीचा पंप असे. त्यामुळे या रसायनाची दोन्ही टोके मी पाहिलेली आहेत. एका टोकाला काचेच्या कुपीतली नारिंगी पूड, दुसऱ्या टोकाला काळ्या रानावर पडणारे पांढरट पाणी. मधला रस्ता सहसा कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी धातूची ओळख. इरिडियमचा अणुक्रमांक 77. स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1803 मध्ये प्लॅटिनमच्या खनिजातून मागे उरणाऱ्या काळ्या गाळात ते शोधले. त्याचे क्षार नाना रंगांचे निघाले, म्हणून इंद्रधनुष्याची ग्रीक देवता आयरिस हिचे नाव त्याला मिळाले. पाण्याच्या साडेबावीस पट जड, 2,400 अंश सेल्सिअसच्या वर वितळणारे, आणि नुसत्या आम्लाला दाद न देणारे. जुन्या पिढीला ते शाईच्या पेनामुळे ठाऊक असेल. निबेच्या टोकाला 'इरिडियम पॉइंट' असल्याची जाहिरात असे, जरी पुढे पुढे त्या टोकात इरिडियम क्वचितच राहिले. किलोग्रॅमचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण 2019 पर्यंत पॅरिसजवळ जपून ठेवलेले होते, त्यात दहा टक्के इरिडियम होते. जगात वर्षाला सात-आठ टन एवढेच ते निघते, आणि बहुतेक सगळे दक्षिण आफ्रिकेतून. 2021 मध्ये त्याचा भाव ट्रॉय औंसाला 6,000 डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे त्या वेळच्या सोन्याच्या तिपटीहून अधिक.

इतका हट्टी धातू कामाला लावायचा तर त्याला विरघळवावे लागते, आणि त्यासाठी त्याच्याभोवती कार्बनी रेणूंचे कडे उभे करावे लागते. धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध असलेल्या अशा संयुगांना आम्ही ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणतो. माझ्या कपाटात कायम असलेले संयुग म्हणजे इरिडियम, क्लोरीन आणि सायक्लोऑक्टाडाइन यांचा जोडरेणू. दोन इरिडियम अणू, त्यांना सांधणारे दोन क्लोरीन अणू, आणि दोन्ही बाजूंनी आठ कार्बनांचे एकेक कडे. या कड्यात दोन दुहेरी बंध असतात आणि त्या बंधांनी ते धातूला खेकड्याच्या नांग्यांसारखे धरून ठेवते. रेणूच्या वजनापैकी 57 टक्के नुसते इरिडियमच. इरिडियम क्लोराइड आणि सायक्लोऑक्टाडाइन पाण्यात मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये कित्येक तास उकळत ठेवले की तळाशी नारिंगी-तांबडे स्फटिक बसू लागतात. गाळायचे, थंड मिथेनॉलने धुवायचे आणि निर्वातात सुकवायचे. इरिडियमची इतर बरीच संयुगे याच्यापासून पुढे तयार होतात. स्वयंपाकघरात विरजणाला जो मान, तोच आमच्याकडे याला.

हाताळणीचे म्हणाल तर हे संयुग त्यातल्या त्यात सालस. कोरडे असताना हवेत तोलता येते, पेट घेत नाही, स्फोट पावत नाही. पण द्रावणात गेले की त्याचा स्वभाव बदलतो. हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू खातो, नारिंगी रंग मळकट होत जातो, आणि काम बिघडले आहे हे सांगणारे दुसरे कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणून द्रावक आधी नायट्रोजनचे किंवा आर्गॉनचे बुडबुडे सोडून प्राणवायूमुक्त करायचा, भांडे तीनदा निर्वात करून तीनदा निष्क्रिय वायूने भरायचे, मगच पूड घालायची. उरलेली कुपी आर्गॉनखाली, झाकण घट्ट करून, थंड जागी.

माणसाला त्याचा त्रास कसा होतो? पूड डोळ्यांना, कातडीला आणि श्वासमार्गाला झोंबते. पोटात गेली तर अपायकारक. दीर्घकाळाच्या परिणामांविषयी सुरक्षापत्रकातले बरेचसे रकाने कोरे असतात. कोरा रकाना म्हणजे निर्धोकपणाचा दाखला असे वाचायचे नसते. तपासणीच झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा तोलणे फ्यूम हूडमध्ये, डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. इथे एक बारकावा नव्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. हे संयुग बहुधा डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवतात, आणि डायक्लोरोमिथेन नायट्राइलच्या पातळ मोज्यातून काही मिनिटांत आरपार जाते. थेंब पडला तर मोजा पुसत बसू नये, काढून टाकावा. थेंबाबरोबर धातूही कातडीपर्यंत पोचलेला असतो. मोजा घातल्याने आलेला धीर कधी कधी उघड्या हातापेक्षा घातक ठरतो.

कोरड्या हवेत ही पूड स्थिर विजेने चमच्याला, कागदाला, बाटलीच्या गळ्याला चिकटते. दहा मिलिग्रॅम तोलायला निघावे आणि दोन मिलिग्रॅम चमच्यावरच राहावे, असे होते. म्हणून आधी कुपी तोलायची, पूड भांड्यात झटकायची, कुपी पुन्हा तोलायची आणि फरक मांडायचा. वापरलेला द्रावक बेसिनमध्ये ओतायचा नाही. इरिडियमचा मळ वेगळ्या बाटलीत साठवायचा. वर्षाअखेरीस तो धातू परत मिळवणाऱ्यांकडे जातो. सुटे सायक्लोऑक्टाडाइन तर इतके उग्र घाणेरडे असते की निष्काळजीपणा झाला तर सगळ्या मजल्याला कळतो. माझ्या मते तो त्याचा गुण आहे. वास न येणारी रसायने जास्त धोक्याची.

आता हे संयुग करते काय, ते पाहू. त्यासाठी एका वेगळ्या, पिवळ्या संयुगाकडे वळावे लागेल. मूळचे एस्टोनियाचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले लौरी वास्का यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी त्याचा अभ्यास केला आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात इरिडियमला चार सोबती असतात आणि दोन जागा रिकाम्या. हायड्रोजन वायू आला की त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि दोन्ही अणू धातूला येऊन चिकटतात; चाराचे सहा होतात. परिस्थिती बदलली की ते सुटतात, सहाचे पुन्हा चार. ऑक्सिजनही असाच येतो आणि जातो. तो आला की पिवळ्याचा नारिंगी होतो. रक्तातले हिमोग्लोबिन फुफ्फुसात जे करते, त्याची ही काचेच्या भांड्यातली सोपी प्रतिकृतीच. वास्कांनी 1963 मध्ये हे प्रसिद्ध केले तेव्हा त्याचे कुतूहल वाटले ते याचसाठी. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे जो करतो, तोच चांगला उत्प्रेरक. नुसते धरून बसणारा स्वतःच अडकतो.

मेटोलाक्लोर बाजारात आले ते 1970 च्या दशकात, बाझेलच्या सिबा-गायगी कंपनीचे. पेरणीनंतर, पीक उगवून येण्याआधी ओल्या रानावर ते फवारतात. तणाच्या बियांना कोंब फुटतानाच लांब साखळीची स्निग्धाम्ले लागतात. ती बनू न देणे हे याचे काम. सोयाबीन आपल्या पेशीत ते मोडून टाकू शकते, शिप्पीसारखी वर्षायू गवते तेवढ्या वेगाने मोडू शकत नाहीत. हराळी आणि कुंदा मात्र मुळाकांड्यांवर जगतात, त्यांना याचे फारसे सोयरसुतक नाही. दुकानदाराने 'सगळं तण जळतंय' असे सांगितले तरी हे लक्षात ठेवावे.

या रेणूला हात आहेत. डावी आणि उजवी चप्पल सारख्याच चामड्याची, सारख्याच मापाची; तरी एकीत दुसरा पाय नीट बसत नाही. रेणूंचेही असेच असते. मेटोलाक्लोरची चार रूपे होतात. 1982 मध्ये उलगडा झाला की तणावरचा जवळजवळ सगळा परिणाम चारांपैकी दोनच रूपांचा आहे, ज्यांच्यातल्या एका विशिष्ट कार्बनची ठेवण 'एस' प्रकारची असते. उरलेली दोन रूपे मातीत पडतात, पाण्याबरोबर वाहतात आणि उपयोगाच्या नावाने शून्य. म्हणजे शेतकरी जेवढे औषध विकत घेत होता, त्यातले निम्मे नुसतेच रानात ओतत होता. हे आपल्याकडेच होत होते असे नाही, जगभर होत होते.

नुसते 'एस' रूप बनवायचे कसे? कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात दुहेरी बंध असलेल्या एका रेणूवर हायड्रोजन बसवायचा असतो. तो एका बाजूने बसला तर एक हात तयार होतो, दुसऱ्या बाजूने बसला तर दुसरा. बाजू ठरवणारा उत्प्रेरक हवा. हान्स-उलरिच ब्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ऱ्होडियम वापरून पाहिले. काम होई, पण फार सावकाश. मग इरिडियम घेतले. ते चपळ होते, पण काम अर्ध्यावर असतानाच निकामी होई. कित्येक वर्षे यात गेली. 1990 च्या दशकात फेरोसीनवर उभारलेले नवे फॉस्फरस लिगँड हाताशी आले. त्या कुळाचे नाव जोसिफॉस. मोठ्या प्राध्यापकांच्या नावाने भरलेल्या या शास्त्रात हे नाव आहे ते लिगँड प्रथम तयार करणाऱ्या योसी पुलेओ या प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचे. मला ते फार आवडते. त्याच कुळातला झायलीफॉस आणि वर वर्णन केलेला नारिंगी जोडरेणू एकत्र करून, त्यात आयोडाइड आणि आम्ल घातल्यावर वेग एकदम वाढला. 80 वातावरणांच्या आसपास हायड्रोजनचा दाब आणि 50 अंश तापमान. 1996 च्या अखेरीस कारखाना सुरू झाला. वर्षाला 10,000 टनांहून अधिक उत्पादन. हाताची निवड करणाऱ्या उत्प्रेरकाने चालणाऱ्या प्रक्रियांत ही सर्वांत मोठ्यांपैकी एक.

निवड शंभर टक्के नाही. शंभरातले सुमारे नव्वद रेणू हव्या त्या हाताचे निघतात. तणासाठी तेवढे पुरते. औषधाच्या गोळीला पुरले नसते. पण थक्क करतो तो काटकसरीचा आकडा. एक इरिडियम अणू दहा लाखांहून अधिक रेणूंवर हायड्रोजन बसवून देतो. दहा लाख धरून मी हिशेब मांडला. एकरी 400 ग्रॅम सक्रिय घटक लागतो असे समजा, तर त्यामागे इरिडियम लागले पाव मिलिग्रॅमहून जरासे अधिक. बारीक मिठाचे चार-पाच कण तराजूत टाकले तर भरेल एवढे. 10,000 टनांचा पूर्ण वर्षाचा माल सात किलो इरिडियममध्ये निघतो, आणि तेवढ्या धातूचा गोळा केला तर तो मोठ्या संत्र्याएवढाच भरेल, इतका तो जड आहे. जगात वर्षाला सात-आठ टन मिळणाऱ्या धातूवर एवढा मोठा धंदा उभा राहू शकतो, तो या आकड्यामुळे. फवारणीची मात्राही जुन्या मिश्र रूपाच्या तुलनेत 35 ते 40 टक्क्यांपर्यंत खाली आली. 'एस' या अक्षराचा अर्थ तो हा. अक्षर नसलेली बाटली घेतली तर मिश्र माल, त्यात इरिडियमचा हात नाही. आणि दोन्हींची मात्रा वेगळी असल्याने एकीवरचे प्रमाण दुसरीला लावणे चुकीचे.

रस्ता इथपर्यंत आला की मला नेहमी अडायला होते. नारिंगी पुडीच्या दहा मिलिग्रॅमसाठी आम्ही मोजे, चष्मा, हूड, आर्गॉन एवढी तयारी करतो. तिच्यापासून निघालेला माल आमच्या तालुक्यात प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये बाभळीच्या काठीने ढवळला जातो. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकून मोकळे करतात. बांधावर बसून त्याच हातावर तंबाखू मळतात. पाणी आणून देणाऱ्या बाया अनवाणी ओल्या रानातून फिरतात. पुडीची काळजी घेण्यात आमचा स्वार्थ उघड आहे, ती महाग आहे. कातडी फुकट मिळाली म्हणून तिची किंमत कुणी मांडत नाही.

मेटोलाक्लोर तीव्र विषांपैकी नाही, हेही सांगायला हवे. आपल्याकडे कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्यावर रंगीत चौकोन असतो. त्यातला खालचा त्रिकोण लाल असेल तर अतितीव्र, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. उंदरांवरच्या चाचणीच्या आकड्यांनुसार मेटोलाक्लोर निळ्या वर्गात बसते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-मजूर फवारणीच्या विषबाधेने गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. ती उंच वाढलेल्या कपाशीवर मारलेली कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. पण ड्रम, काठी, पंप आणि अंगावरचा सदरा हे सगळे घरात एकच असते. जुलैत निळ्या त्रिकोणाशी जी सवय लागते, तीच सप्टेंबरात लाल त्रिकोणाशी चालते. म्हणून सौम्य औषधाच्या वेळीच हात वळवून घ्यावा.

हे रसायन कातडीला चेतवू शकते. पहिल्या वेळी काही होत नाही, पुढच्या वेळी थोड्याशा स्पर्शानेही खाज आणि पुरळ येते. बाटलीतल्या तेलकट द्रावकामुळे ते अंगात मुरायला मदतच होते. तेव्हा सर्वांत जपायचे ते बाटली उघडून माप घेताना, कारण तिथे औषध निव्वळ असते. फवारताना ते पाण्याने कित्येक पट पातळ झालेले असते. आमचे लोक नेमके उलट करतात; पंप पाठीवर घेतल्यावर तोंडाला रुमाल बांधतात आणि माप उघड्या हाताने टोपणात ओततात. नायट्राइलचा मोजा इथे खरा उपयोगी. तालुक्याच्या मेडिकल दुकानातला जाड मोजा चालतो; फाटेपर्यंत वापरू नये. अंगातले कपडे घरच्या धुण्यात न मिसळता वेगळे धुवावेत. डोळ्यात गेले तर भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवत राहावे. पोटात गेले तर उलटी करवू नये. द्रावक फुप्फुसात शिरण्याची भीती असते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्यावी. याला ठराविक उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार होतात, आणि डॉक्टरला आधी नाव कळावे लागते. 'तणाचं औषध' एवढे सांगून भागत नाही, कारण पॅराक्वाट हेही तणाचेच औषध आणि ते माणूस ठेवत नाही.

खुरपणीचा एक मुद्दा या सगळ्याला चिकटून येतो. दसरा-दिवाळीनंतर आमच्या भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मधल्या पावसाळ्यात बायांच्या हाती रोख पैसा येतो तो बहुतांशी खुरपणीचा. बाटलीने तो काढून घेतला. मोठा शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाही, बाई म्हणते काम मिळत नाही, आणि दोघेही खरे बोलतात. आठ दिवसांत सगळ्यांचेच रान खुरपायचे असते आणि उरलेल्या दिवसांत कुणाचेच नाही. इरिडियमवर याचे खापर फोडण्यात अर्थ नाही, पण एकरी खर्चाचा हिशेब मांडताना ही वजाबाकी धरायला हवी.

पाण्याचा हिशेब याहून अवघड. मेटोलाक्लोर मातीत काही आठवडे टिकते, पावसाबरोबर खाली झिरपते, आणि त्याचे तुकडे भूजलात पोचतात. युरोपात ते पिण्याच्या पाण्यासाठी ठरवलेल्या मर्यादेहून अधिक होण्याची शक्यता दिसली आणि युरोपीय संघाने जानेवारी 2024 मध्ये एस-मेटोलाक्लोरच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. ज्या रसायनाची मात्रा इरिडियमने एवढी कमी केली, तेही तिथे नापास झाले. तिकडची माती, पाऊस आणि कसोटी वेगळी आहे, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण बीड जिल्ह्यात पिण्याचे पाणी आणि शेताचे पाणी बहुधा एकाच बोअरचे असते आणि बोअर बहुधा बांधावर. फवारणीचे पाणी कालवायला आपण जातो तेही तिथेच, कारण मोटर तिथे असते. ड्रम बोअरपासून लांब नेऊन भरावा. बाटली तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावे, भोक पाडून ती निकामी करावी, आणि रॉकेल-तेलासाठी घरात आणू नये. बोअरच्या कडेने मी दहा-बारा पावलांची जागा न फवारता सोडतो. तिथले तण खुरप्याने काढतो. त्या पट्ट्यात कुंदा भरपूर आहे, आणि कुंद्याला ती बाटली तशीही लागू पडत नाही.